ॲलर्जीची टेस्ट करताय? आधी या चुका टाळा

पापण्या, मान, कोपराच्या घड्या. उन्हात गेलं की आग, पावसाळ्यात खाज जास्त. तासगाव-पलूसकडच्या शेतकऱ्याला असं इसब वर्षानुवर्षं छळत असेल, तर संशय आधी गाजरगवतावर घ्यावा. या काँग्रेस गवताचा वाळका चुरा वाऱ्याने अंगावर येतो, हात लावायचीही गरज नसते. आपल्याकडे मात्र आधी वांगं सुटतं, मग दही, मग शेंगदाणे. खाज आहे तिथेच!

सगळ्यात महागात पडते ती चुकीची टेस्ट. रक्ताच्या तपासणीत गाजरगवत, सिमेंट, केसांचा कलप किंवा खोट्या दागिन्यांतलं निकेल यांची स्पर्शाने होणारी ॲलर्जी कळत नाही. त्यासाठी पॅच टेस्ट लागते. पाठीवर पट्ट्या लावतात, 2 दिवसांनी काढून बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. ही शेवटची फेरी बरेच जण बुडवतात. जतहून मिरजेला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, हे खरं. पण काही प्रतिक्रिया उशिराच उमटतात, त्या तशाच निसटतात.

पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवायची नाही, घामही नको. म्हणून मे महिना आणि द्राक्षछाटणीची धांदल टाळून तारीख घ्या. इसब भडकलेलं असताना टेस्ट नको. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पाठीवरचं मलम चालू असेल तर निकाल दबतो. डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टिरॉइडचं मलम चार दिवस बरं वाटतं. मग कातडी पातळ होते आणि नायटा असेल तर तो पसरतो. नायटा संसर्गजन्य, इसब नाही. घरात टॉवेल वेगळा काढण्याआधी नक्की काय आहे याचं डॉक्टरांकडून निदान करून घ्या.

आणि डॉक्टरांसमोर नुसतं ‘खाज येते’ म्हणून उठू नका. रात्री किती वेळा जाग येते, कामाचे किती खाडे झाले, लग्नाकार्याला जाणं टाळता का, हे बोला. कातडीच्या आजाराने रोजचं जगणं किती अडतं हे मोजायला डीएलक्यूआय नावाची 10 प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या आठवड्याचं विचारते, 30 पैकी गुण देते. 10 च्या वर गेलात तर त्रास मोठा धरतात. नवरा-बायकोच्या जवळिकीचाही प्रश्न त्यात आहे. लाजून तो कोरा सोडू नका.

टेस्टमध्ये गाजरगवताची ॲलर्जी निघाली, तर रागाने ते स्वतःच उपटायला जाऊ नका. फुलावर यायच्या आत दुसऱ्या कुणाकडून, हातमोजे घालून काढून घ्या. धुतलेले कपडे बांधाकडेला वाळत घालू नका.