दरडींचा अभ्यास: नकाशा बरोबर, तारीख चुकली!

सह्याद्रीतल्या दरडींवर प्रकल्प करणारी मुलं दरवर्षी जून उजाडला की विचारायला येतात. हातात रंगीत नकाशा असतो आणि त्यांची वाडी हिरव्या पट्ट्यात असते. म्हणजे सुरक्षित? पहिली चूक इथेच होते. दरडप्रवण क्षेत्रांचे आपल्याकडचे नकाशे बहुतेक १:५०,००० प्रमाणाचे. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. तीस-चाळीस घरांची वाडी त्यात पेनाच्या टिंबाएवढी. शिवाय दरड कुठे येऊ शकते एवढंच नकाशा सांगतो. कधी येईल, ते नाही. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती.

यापेक्षा मोठा घोटाळा तारखांचा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. इर्शाळवाडीवर दरड आली १९ जुलै २०२३ च्या रात्री. त्या संध्याकाळी पडलेला पाऊस नोंदवहीत सापडतो तो २० जुलैच्या रकान्यात. १९ तारखेचा आकडा उचलून ‘एवढ्या पावसावर दरड आली’ असं लिहिलंत, तर तुम्ही आदल्या दिवसाचा पाऊस मोजलात. माळीणची दरड ३० जुलै २०१४ च्या सकाळची, तिथेही घटनेची वेळ आणि मोजणीची वेळ शेजारी मांडूनच आकडा घ्या.

भूकंपाचंही तेच. कोयनेचा मोठा धक्का आपल्या लेखी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. जागतिक सूचीत तो १० डिसेंबरला दिसतो, कारण तिथली वेळ ग्रिनिचची, आपल्या साडेपाच तास मागे. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप तसाच २९ तारखेला. दोन सूच्या जोडताना एकच भूकंप दोनदा मोजलेला मी पाहिलाय. (एकदा माझ्याच तक्त्यात.)

तालुक्याचा पाऊसही सरसकट वापरू नका. घाटमाथ्यावर आणि पायथ्याला फार फरक पडतो. जवळच्या महसूल मंडळाचे आकडे घ्या, शक्य असेल तर तासातासाचे, आणि आधीच्या आठ-दहा दिवसांची बेरीजही करा. कातळावरची मुरमाड माती आधीच पाण्याने फुगलेली असेल, तर शेवटचा जोर थोडकाही पुरतो.

आता जमिनीला पडलेली भेग. पाटण तालुक्यात कुणी म्हणेल, ‘कोयनेच्या धक्क्यानं पडली.’ लगेच मान डोलावू नका, हसूही नका. आधी आकार बघा. उन्हाने तडकलेल्या मातीच्या भेगा जाळीसारख्या असतात. डोंगर सरकत असेल तर भेग उताराला आडवी, चंद्रकोरीसारखी वळलेली असते आणि तिची खालची बाजू बोटभर तरी खचलेली. अशी भेग वाडीत शोधून मिळायची नाही, ती वाडीच्या वर, गुरं चरतात तिथे असते. म्हणून सरपंचांशी बोलून झालं की गुराख्याला आणि पाणी भरणाऱ्या बायकांना गाठा. ‘भेग कधी पडली?’ याला ‘झाली की दोन-तीन वर्षं’ असंच उत्तर येतं. ‘लावणीच्या आधी होती का? गणपतीत होती का?’ असं विचारा. झऱ्याचं पाणी मध्येच गढूळ झालं होतं का, तेही विचारा.

रुंदी मोजायची तर भेगेच्या काठावर पट्टी धरू नका; पावसात काठ ढासळतो आणि भेग उगाच वाढलेली दिसते. दोन्ही बाजूंना काठापासून हातभर लांब खुंट्या ठोका, डोक्यावर खिळा मारा आणि खिळ्यापासून खिळ्यापर्यंत अंतर घ्या. माझ्या पहिल्या खुंट्या बांबूच्या होत्या. आठवड्याने गेलो तर चुलीत गेलेल्या! तेव्हापासून लोखंडी सळ्या ठोकतो आणि वाडीला आधी सांगून ठेवतो.

आणि ते अंतर एका दिवसात वाढलेलं दिसलं, तर फोटो काढत बसू नका. खाली उतरा, वाडीला सांगा, १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. तक्ता नंतर भरता येतो.