फाशीच्या जुन्या शिक्षेला नवा निकाल लागू होतो का, हे कसे पडताळावे

फाशी कायम झाल्यानंतर काही वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने नवा दंडक घालून दिला, तर तुरुंगातल्या जुन्या कैद्याला त्याचा लाभ मिळावा का? माझ्या मते, शिक्षेची अंमलबजावणी झालेली नसेल तोवर मिळायलाच हवा; मात्र तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो.

नातेवाइकांनी किंवा वकिलाने प्रथम सत्र न्यायालयापासून दयेच्या अर्जापर्यंतच्या सर्व आदेशांच्या प्रती मिळवून तारखा क्रमाने मांडाव्यात, कारण प्रकरण कोणत्या टप्प्यावर संपले यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. २०१४ च्या मोहम्मद आरिफ निकालाने फाशीच्या प्रकरणांतील फेरविचार याचिकेवर खुल्या न्यायालयात तोंडी सुनावणीचा हक्क दिला आणि ज्यांची याचिका आधीच फेटाळली गेली होती त्यांनाही तो महिनाभराच्या मुदतीत मागता येईल असे ठरवले. क्युरेटिव्ह याचिकाही (फेरविचार फेटाळल्यानंतर सर्वोच्च न्यायालयात करायची अखेरची याचिका) फेटाळली गेलेल्यांना मात्र वगळले. नाशिकजवळच्या एका प्रकरणात २००९ मध्ये सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने पक्की केली होती, त्यांच्या फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या होत्या. त्या पुन्हा ऐकल्या गेल्या आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. दरम्यान फाशी दिली गेली असती, तर नव्या निकालाचा त्यांना काय उपयोग होता?

त्यानंतर जुन्या निकालपत्रातील शिक्षेविषयीची पाने स्वतंत्रपणे वाचावीत. २०२२ च्या मनोज निकालानुसार आरोपीचे मानसिक मूल्यमापन, कौटुंबिक व आर्थिक पार्श्वभूमी, शिक्षण आणि तुरुंगातील वर्तनाचा अहवाल न्यायालयापुढे यायला हवा. दोषी ठरवल्याच्या दिवशीच शिक्षा सुनावली गेली का, यांपैकी कोणता अहवाल मागवलाच गेला नाही, सुधारण्याची शक्यता तपासली की गुन्ह्याचे क्रौर्य वर्णन करूनच निर्णय दिला, हे पान क्रमांकासह टिपून ठेवावे. जुन्या निकालपत्रांत हा भाग अनेकदा दोन-तीन परिच्छेदांत आटोपलेला आढळतो.

ही टिपणे का लागतात, ते ऑगस्ट २०२५ च्या दुपारे निकालावरून कळते. बालिकेच्या हत्येच्या नागपूरच्या या प्रकरणात फेरविचार याचिका आणि दयेचा अर्ज दोन्ही फेटाळले गेले होते, तरीही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची तरतूद) याचिका मान्य करून न्यायालयाने शिक्षेवर नव्याने सुनावणी ठरवली. दोषसिद्धीला हात लावला नाही. बालिकेच्या कुटुंबाला पुन्हा सुनावणीला सामोरे जावे लागते, ही वेदना खरी आहे आणि ती कोणत्याही याचिकाकर्त्याने हलकी लेखू नये. मात्र त्याच निकालाने बजावले आहे, की मनोज निकालातील मार्गदर्शक तत्त्वांचा स्पष्ट व ठोस भंग दाखवता आला तरच हा मार्ग खुला होईल. "न्याय झाला नाही" एवढे मोघम म्हणणे पुरणार नाही.

तेव्हा याचिकेत प्रत्येक त्रुटीसमोर संबंधित दंडक लिहावा, तुरुंगातील शिक्षण, काम आणि वर्तनाच्या नोंदी जोडाव्यात आणि शिक्षेच्या अंमलबजावणीला स्थगिती मागावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तुरुंग अधीक्षकांमार्फत किंवा थेट विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकिलासाठी अर्ज करता येतो; तो विलंब न लावता करावा.