‘फॉरमॅट करा’ म्हणणाऱ्या हार्ड डिस्कमधून फाइली परत कशा मिळवायच्या

रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या काकू एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन दारात उभ्या. संध्याकाळी पाऊस धरला आणि लाइट गेली, नेमके तेव्हाच लेकीच्या लग्नाचे फोटो डिस्कवर उतरत होते. लाइट आल्यावर पुन्हा जोडली, तर विंडोज म्हणाली की हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल. ‘मला त्यातलं काही कळत नाही बाबा, म्हणून कशालाच हात लावला नाही,’ काकू म्हणाल्या. माझ्याकडे येणाऱ्या डिस्कांपैकी इतक्या सुस्थितीतली डिस्क क्वचितच असते. बाकीच्यांवर आधी घरातल्या जाणकारांचे सगळे प्रयोग होऊन गेलेले असतात.

हा लेख त्या प्रयोगांच्या क्रमाबद्दल आहे. वापरायची साधनं बहुतेक मोफत आहेत. चुकतो तो क्रम: आधी प्रत काढायची, दुरुस्ती नंतर. लोक नेमकं उलटं करतात.

फाइल पुसली म्हणजे काय झालं

डिस्क म्हणजे शाळेचा वर्ग समजा. बाकांवर मुलं, म्हणजे तुमचा डेटा. कोण कुठल्या बाकावर बसलंय याची नोंद हजेरीपटात. फाइल डिलीट केली की हजेरीपटातलं नाव खोडलं जातं, पण मूल बाकावरून उठत नाही. नवीन मूल येऊन त्या जागी बसेपर्यंत ते तिथेच असतं. पुसलेली फाइल परत मिळते ती यामुळे, आणि म्हणूनच फाइल गेल्यावर त्याच ड्राइव्हवर काहीही नवीन लिहायचं नाही. फाइल परत मिळवायचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच ड्राइव्हवर उतरवायचं नाही. हे शेवटचं सांगूनही लोक करतात.

‘फॉरमॅट करा’ या संदेशाचा अर्थ एवढाच की हजेरीपट वाचता येत नाही. क्विक फॉरमॅट केलं तर कोरा हजेरीपट मांडला जातो, मुलं बरीचशी बाकांवरच राहतात. पण क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं, तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या डिस्कभर शून्यं लिहीत सुटतात. त्यानंतर माझ्याकडे येऊन उपयोग नाही, कुणाकडेच जाऊन नाही.

पायरी १: कॅन्सल दाबा, वायर काढा, कान द्या

संदेशाची खिडकी बंद करा. डिस्क काढून पुन्हा एकदाच जोडा आणि कान जवळ नेऊन ऐका. एकसारखी हलकी घरघर ठीक आहे. ठराविक अंतराने टक-टक येत असेल, किंवा तबकडी फिरायचा प्रयत्न करून थांबत असेल, तर बिघाड यांत्रिक आहे. डिस्क लगेच बंद करा आणि थेट शेवटून दुसऱ्या भागाकडे जा. हार्ड डिस्कचं वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. ते टेकलं, तर प्रत्येक फेऱ्याला डेटा खरवडला जातो. अशी डिस्क ‘अजून एकदा लावून बघू’ म्हणत दहा वेळा लावणं म्हणजे दहा वेळा खरवडणं.

डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही फिरतो. ठेवू नका. बाहेर काढल्यावर तिला घाम सुटतो, आणि पाण्याचा थेंब तबकडीवर काय करेल हे वेगळं सांगायला नको.

पायरी २: आधी वायरवर संशय घ्या

दुसरी केबल, दुसरा पोर्ट, जमल्यास दुसरा कॉम्प्युटर. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागचे पोर्ट वापरा, हब मधे घालू नका. छोट्या एक्स्टर्नल डिस्क सगळी वीज यूएसबीतून घेतात. जुना पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. सैल किंवा लांब केबलने तेवढीही पोचत नाही, आणि मग डिस्क दिसते-गायब होते असा लपंडाव चालतो. मेमरी कार्ड असेल तर कार्ड रीडर बदलून बघा.

पायरी ३: डिस्क मॅनेजमेंटमध्ये काय दिसतं

स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. इथे फक्त बघायचं आहे.

डिस्क आहे, विभाग (पार्टिशन) ठीक आहे, पण त्याला अक्षर नाही? उजवं क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या, काम झालं. अशा घरी मी चहासुद्धा पूर्ण पीत नाही.

फाइल सिस्टमच्या जागी ‘रॉ’ लिहिलंय किंवा जागा ‘अनअलोकेटेड’ आहे? हजेरीपट गेला आहे, पुढे वाचा. डिस्क ‘इनिशियलाइज’ करायची का असं विचारलं तर नाही म्हणा. आकार शून्य दिसतोय किंवा ‘नो मीडिया’ आहे? मग आतला कंट्रोलर बोलत नाहीये, आणि सॉफ्टवेअरने काही होणार नाही. पेनड्राइव्ह सहसा असे मरतात.

आणखी एक शक्यता: ड्राइव्हवर कुलूप आणि ४८ आकडी रिकव्हरी कीची मागणी. हे बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावायची विंडोजची सोय. नव्या लॅपटॉपवर ते मालकाला पत्ता न लागू देता चालू झालेलं असतं. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली सापडते, फोनवरून लॉगइन करून बघा. ती हरवली असेल तर कुठलीही लॅब ते कुलूप तोडू शकत नाही.

पायरी ४: डिस्कची नाडी बघा

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कच्या स्वतःच्या नोंदी दाखवतं. निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल म्हणजे वेळ भरत आली. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, चार ओळी वाचा. क्रमांक ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून दिलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी ५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून ताटकळत ठेवलेले. सी ६ म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्यं हवीत. सी ५ मध्ये आकडा दिसला की मी डिस्कला आजारी धरतो, रंग निळा असला तरी.

चौथी ओळ सी ७. हा आकडा वाढत असेल तर घोटाळा बहुधा डिस्क आणि कॉम्प्युटरमधल्या केबलचा असतो. केबल बदलायच्या ऐवजी डिस्क भंगारात काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. काही एक्स्टर्नल डिस्कच्या डबीतलं सर्किट या नोंदी बाहेर येऊच देत नाही. मग आवाज आणि वेग यांवरून अंदाज बांधायचा.

पायरी ५: पूर्ण प्रत काढा

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी. इथे लोक चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं साधन चालवतात. ‘रॉ’ विभागावर चेकडिस्क चालतच नाही, तसं सांगून थांबतं. इतर ठिकाणी चालतं, पण त्याचं काम फाइल सिस्टम सुसंगत करणं, तुमचे फोटो वाचवणं नव्हे. हजेरीपटाशी न जुळणारी नोंद ते बेधडक कापतं आणि तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं. आजारी डिस्कवर सगळे सेक्टर तपासायला लावलं तर तासन् तास तिला पळवतं. आगीतून फुफाट्यात.

त्याऐवजी डिस्कची सेक्टर-न्-सेक्टर नक्कल एका मोठ्या फाइलमध्ये काढायची. यासाठी डीडीरेस्क्यूइतकं (ddrescue) भरवशाचं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही. सिस्टमरेस्क्यू नावाची मोफत लिनक्स (विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) पेनड्राइव्हवर चढवा, तिच्यात ते आधीच असतं, आणि पुढे लागणारी दोन साधनंही. कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. एलएसबीएलके (lsblk) ही आज्ञा दिली की जोडलेल्या डिस्कची यादी आकारासकट येते. १ टीबीची डिस्क ९३१ दिसली तर दचकू नका. विकणारा हजाराच्या हिशोबाने मोजतो, कॉम्प्युटर १०२४ च्या.

नक्कल ठेवायची डिस्क आजारी डिस्कपेक्षा मोठी हवी, आणि ती फॅट ३२ नको, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आता डीडीरेस्क्यूच्या आज्ञेत क्रम असा: आधी आजारी डिस्क, मग नकलेच्या फाइलचं नाव, मग नोंदवहीच्या फाइलचं नाव. पहिले दोन उलटे झाले तर लिहायची जागा म्हणून आजारी डिस्कच दिली जाते. एंटर दाबण्याआधी मी हे बोट ठेवून मोठ्याने वाचतो, आणि घरचे हसतात.

पहिल्या फेरीत ‘डॅश एन’ (-n) द्या. मग ते वाचता येणारा भाग भराभर उचलतं आणि अवघड जागा मागे सोडतं. दुसऱ्या फेरीत ‘डॅश आर ३’ (-r3) देऊन त्या जागांवर तीन प्रयत्न करायला लावा. काय वाचलं, काय राहिलं हे नोंदवहीत जात असतं. त्यामुळे मधेच लाइट गेली तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम सोडलं होतं तिथून पुढे चालू होतं.

काकूंच्या डिस्कच्या नोंदी स्वच्छ होत्या. तरी नक्कल काढलीच. लग्न परत लावता येत नाही.

पायरी ६: टेस्टडिस्क, मग फोटोरेक

दोन्ही मोफत, एकाच जोडीने मिळणारी, आणि दोन्ही दिसायला अगदी जुनाट. माउस चालत नाही, बाणाच्या कळांनी फिरायचं. दोन्ही नकलेच्या फाइलवर चालवा, मूळ डिस्क कपाटात.

टेस्टडिस्क हरवलेला हजेरीपट शोधतं. फाइल सिस्टमच्या पहिल्या पानाची एक जादा प्रत डिस्कवर असते (एनटीएफएसमध्ये विभागाच्या अगदी शेवटी), तिचाही ते आधार घेतं. ‘अॅनलाइज’ आणि ‘क्विक सर्च’ निवडा. विभाग सापडला की ‘पी’ दाबा. तुमची फोल्डरं ओळखीच्या नावांनी दिसली, तर मोठा श्वास सोडा. ‘ए’ दाबून सगळं निवडा, मोठ्या लिपीतला ‘सी’ दाबून दुसऱ्या डिस्कवर उतरवा. डिस्कवर लिहिणारा ‘राइट’ हा पर्याय मोहात पाडेल. फाइली हातात येऊन उघडून बघेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

काहीच दिसलं नाही तर फोटोरेक. नावात फोटो असला तरी ते वर्डच्या फाइली, पीडीएफ, व्हिडिओ सगळं शोधतं. त्याला हजेरीपट लागत नाही. ते एकेका बाकाजवळ जाऊन गणवेश ओळखतं. जेपीईजी फाइल नेहमी त्याच तीन बाइटनी सुरू होते, पीडीएफ आपल्या ठराविक अक्षरांनी. यात नावं आणि फोल्डरं मात्र जातात. हाती येतात ते एफ अक्षरापुढे आकडे लावलेल्या हजारो फाइलींचे गठ्ठे. तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओ बऱ्याचदा अर्धेच निघतात.

मधेच दोन वेगळ्या तक्रारी

पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावून आणला आणि फाइलींच्या जागी सगळे शॉर्टकट दिसतायत. इथे डेटा गेलेलाच नाही, व्हायरसने लपवून ठेवलाय. शॉर्टकटवर क्लिक करू नका, त्यानेच तो तुमच्या कॉम्प्युटरवर उतरतो. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवा आणि सिस्टमच्या संरक्षित फाइली लपवायच्या पर्यायावरची खूण काढून टाका. खरी फोल्डरं दिसतील. ती दुसरीकडे घ्या, अँटिव्हायरस फिरवा, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

दुसरी तक्रार एसएसडीची, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कची. लॅपटॉपमधली फाइल काल डिलीट झाली, आज परत हवी. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, एसएसडीला ‘ट्रिम’ आज्ञा जाते. नाव खोडताच बाक रिकामे करायचा निरोप. म्हणून एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल बहुतेक वेळा परत येत नाही. आधी रिसायकल बिन बघा, मग वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हची कचरापेटी, मग ज्याला ती मेल किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवली होती तो माणूस. शेवटचा उपाय सगळ्यात जास्त चालतो.

लॅबमध्ये द्यायची वेळ

टक-टक आवाज, पाण्यात किंवा उंचावरून पडलेली डिस्क, शून्य आकार, किंवा नक्कल काढताना पुन्हा पुन्हा गायब होणं: इथे घरचं काम संपलं. गल्लीतल्या दुकानात टेबलावर डिस्क उघडून ‘बघतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. ती धूळ गाळलेल्या हवेच्या क्लीन रूममध्येच उघडायची असते. देण्याआधी लेखी विचारा: तपासणीचे किती, डेटा न मिळाल्यास किती, पैसे भरण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, डिस्क इथेच उघडणार की पुढे पाठवणार. डिस्कवर आधी काय काय करून पाहिलं ते लपवू नका, डॉक्टरकडे गेल्यासारखं सगळं सांगा.

पायरी ७: मिळालेलं निवडा

काकूंचे बरेचसे फोटो टेस्टडिस्कने नावांसकट दिले. लाइट जाताना अर्धवट उतरलेलं फोल्डर फोटोरेकने काढलं, त्यात बिननावाच्या फाइलींचा ढीग. आधी आकाराने लावा. एकदम खाली राहतात त्या चिमुकल्या नकला, त्या वेगळ्या काढा. मग ‘डेट टेकन’ने लावा. कॅमेऱ्याने फोटोतच तारीख-वेळ लिहिलेली असते, त्यामुळे हळद, सीमांतपूजन, अक्षता आपोआप ओळीने येतात.

जुन्या मराठी मजकुराच्या फाइली उघडल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसला तर फाइल बिघडली म्हणून पुसू नका. डीटीपीच्या काळातला मजकूर युनिकोडमध्ये नसायचा. श्रीलिपीसारखा जो फॉन्ट तेव्हा वापरला असेल तो कॉम्प्युटरवर टाका, मराठी दिसायला लागतं.

प्रत्येक फोल्डरमधल्या निदान पाच-दहा फाइली उघडून बघा, आणि दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. तोवर जुनी डिस्क फॉरमॅट करायची नाही. काकूंची अजून माझ्या कपाटात आहे. परवा विचारत होत्या, आता ती खिडकी आली तर हो म्हणू का?