उन्हाळ्यात पूल उघडण्याआधी हायपोचा दम तपासा

मार्च उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये पूलची धावपळ सुरू होते. टाइल्स घासल्या जातात, फिल्टरचा बॅकवॉश होतो, लाइफगार्ड ठरतो. हायपोच्या, म्हणजे पाण्यातले जंतू मारायला पूलमध्ये घालतात त्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाच्या कॅनकडे मात्र कुणी बघत नाही. गेल्या हंगामातले दोन कॅन पंप रूममध्ये आहेत ना, मग झालं! माझं म्हणणं असं, की तयारी त्या कॅनपासूनच सुरू करा. हायपो झाकण न उघडताही विघटित होत राहतं. त्याचं मीठ आणि क्लोरेट हा नकोसा क्षार बनतो, थोडा ऑक्सिजन सुटतो आणि जंतू मारायची ताकद ओसरते.

म्हणून आधी लेबलवरची पॅकिंगची तारीख बघा. ती नसेल आणि विक्रेत्यालाही सांगता येत नसेल, तर तो माल घेऊ नका. छापलेली टक्केवारी कॅन भरला त्या दिवसाची असते. पूलसाठी मिळणारं हायपो साधारण 10 ते 12 टक्क्यांचं असतं, घरातलं ब्लीच त्याच्या निम्म्याच्या आसपास. हायपो जितकं तीव्र, तितकं ते झपाट्याने उतरतं. त्यामुळे स्वस्त पडतं म्हणून हंगामाचा साठा एकदम भरण्यात काहीच फायदा नाही. दोन-तीन आठवड्यांपुरतंच मागवा. अडीनडीला घरगुती ब्लीच चालेल, पण साधं. सुगंधी किंवा घट्ट केलेलं नको, त्याने पाण्याला फेस येतो.

मग जागा ठरवा, आणि इथे जरा वेळ द्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याही वर जातो. तापमान 10 अंशांनी वाढलं की हायपो तिप्पट-चौपट वेगाने उतरतं. 25 अंशांच्या खोलीत महिनाभरात जेवढा दम जाईल, तेवढा 40 अंशांच्या शेडमध्ये आठवड्याभरातच जाऊ शकतो. सावलीची, हवा खेळती असलेली खोली शोधा. कॅन अपारदर्शक प्लास्टिकचा आणि वायू बाहेर जाऊ देणाऱ्या झाकणाचा हवा. लोखंडी नरसाळं, पितळी नळ जवळपासही नको, कारण लोखंडातांब्याचा अंश मिसळला की विघटनाला जोर चढतो. पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) उतरवायचं अ‍ॅसिड त्याच कप्प्यात ठेवलं असेल तर ते आजच हलवा. दोन्ही एकत्र सांडली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. यात तडजोड नाही.

जुना कॅन उरलाच असेल तर वासावरून अंदाज बांधू नका. त्याची परीक्षा पूलमध्येच घ्या. पाणी नितळ असावं, त्यात थोडा मोकळा क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेला) आधीपासून असावा. सूर्य मावळल्यावर डीपीडी किटने (पाण्याला गुलाबी रंग आणून मोकळा क्लोरीन दाखवणाऱ्या संचाने) तो मोजा, कारण उन्हात क्लोरीन उडून जातो आणि हिशोब चुकतो. पिवळा रंग दाखवणाऱ्या ओटीओ किटमध्ये एकूण क्लोरीन कळतो, मोकळा वेगळा कळत नाही. इथे डीपीडीच हवा. आता 1 लाख लिटरच्या पूलमध्ये 2 लिटर हायपो सोडा, पंप चालू ठेवा, पाणी नीट मिसळलं की पुन्हा मोजा. माल खरोखर 10 टक्क्यांचा असेल तर क्लोरीन 2 पीपीएमने (म्हणजे लिटरमागे 2 मिलिग्रॅमने) वाढायला हवा. एकनेच वाढला, तर कॅनमध्ये निम्माच दम राहिला आहे आणि डोस दुप्पट लागेल. पोरं पाण्यात उतरतील तेव्हा मोकळा क्लोरीन 1 ते 3 पीपीएमच्या आणि पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान हवा.

अगदीच उतरलेल्या कॅनने पूल सांभाळायचा हट्ट धरू नका. डोस वाढवत गेलात की पाण्यात मीठ आणि क्लोरेट साचत जातं. तो माल पातळ करून डेक आणि शॉवरच्या फरश्या धुवायला काढा. नवा कॅन आला की त्यावर आल्याची तारीख मार्करने ठळक लिहा आणि जुना पुढे, नवा मागे लावा. पूल बघणाऱ्या दादांना हे समोर उभं राहून दाखवा, कारण सकाळी सहाला कॅन उचलणार ते आहेत, कमिटी नाही.