फॉस्टर घरातल्या मुलाच्या आईवडिलांशी भेटी : या चुका टाळा

भेटीहून परतलेलं मूल त्या संध्याकाळी जेवत नाही. रात्री अंथरूण ओलं करतं. दुसऱ्या दिवशी शाळेत कुणालातरी चावतं. मग फॉस्टर आई, म्हणजे आईवडिलांपासून दूर असलेल्या मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळणारी बाई, समाजकार्यकर्तीला फोन करते : "चांगला रुळला होता हो. भेट झाली की सगळं मुसळ केरात. काही दिवस भेटी बंद ठेवू या ना." तिच्या बोलण्यात दुष्टावा नसतो, मुलाबद्दलचा जीव असतो. पण भेटींच्या बाबतीत सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक याच फोनपासून सुरू होते, म्हणून आधी तिच्याबद्दलच सविस्तर लिहिते.

त्रास झाला म्हणजे भेट वाईट, असं धरून चालणं

आईला भेटून पुन्हा तिला सोडून यावं लागलं, तर कोणतंही मूल रडेल, चिडेल. ते दुःख आहे आणि ते जागच्या जागी आहे. भेट बंद केली की रडणं थांबतं हे खरं, पण दुःख संपलं म्हणून ते थांबतं असं समजू नका.

ब्रिटनमधले समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. त्या काळी अनेक ठिकाणी आईवडिलांना भेटायला क्वचितच येऊ देत, कारण भेटीनंतर मुलं रडतात अशी कर्मचाऱ्यांची तक्रार असे. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी तीन टप्पे मांडले : आधी आक्रोश, मग खचून जाणं आणि शेवटी तुटलेपण. तिसऱ्या टप्प्यावरचं मूल शहाणं वाटतं. ते खातं, खेळतं, कुणाकडेही जातं, आणि आई समोर आली तर तोंड फिरवतं. मोठ्यांना वाटे, रुळलं एकदाचं. खरं तर रडणाऱ्या मुलापेक्षा याच मुलाची काळजी करायला हवी होती.

म्हणून भेटीनंतरची संध्याकाळ मोकळी ठेवा. पाहुणे नकोत, बाजारहाट नको, राहिलेला गृहपाठ नको. "काय म्हणाली आई? काय दिलं?" अशी चौकशीही नको. रोजचं जेवण, रोजची आंघोळ, रोजचीच झोपायची वेळ, आणि शेजारी बसून एखादं वाक्य : "आईची आठवण येतेय ना? येणारच." मूल बोललं तर ऐका. नाही बोललं तरी शेजारून उठू नका.

नोंद मात्र जरूर ठेवा, फक्त ती निवाड्यासारखी लिहू नका. "आई भेटली की बिघडतो" या वाक्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. "परतल्यावर तासभर दाराशी बसला, जेवला नाही, नऊला झोपला, दोनदा उठला, सकाळी ठीक" असं लिहिलं तर चार-पाच भेटींनंतर चित्र दिसायला लागतं. अनेकदा दिसतं ते असं, की भेटी नियमित झाल्या तसा त्रासाचा काळ आखडत गेला.

भीती ही वेगळी गोष्ट आहे. ती बहुतेक वेळा भेटीच्या आधीच दिसते. ठरावीक माणसाचं नाव काढलं की मूल गोठतं, लपतं, पोट दुखतं म्हणतं. भेटीनंतर अंगावर खूण दिसली, किंवा "सांगू नकोस असं सांगितलंय" असं काही त्याच्या तोंडून निघालं, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी, मुलाच्याच शब्दांत, जबाबदार अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवा. खोदून खोदून प्रश्न विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे.

भेटीला बक्षीस किंवा शिक्षा बनवणं

"अभ्यास केला नाहीस तर रविवारी आईकडे नेणार नाही." हे वाक्य कितीही वैताग आला तरी तोंडातून काढू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं नववं कलम सांगतं, की आईवडिलांपासून वेगळ्या झालेल्या मुलाला त्यांच्याशी नियमित थेट संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. अपवाद एकच : तो संपर्क मुलाच्या हिताविरुद्ध असेल तर. म्हणजे भेट मुलाची आहे. आईवडील कसे वागले याचा हिशोबही भेटी कापून चुकता करू नये. आईने समुपदेशनाची बैठक चुकवली असेल तर तिच्याशी त्याबद्दल बोला, मुलाची भेट का जावी?

तान्ह्या मुलाला महिन्यातून एकदाच भेटवणं

मोठ्यांच्या कॅलेंडरात महिना म्हणजे थोडके दिवस. सात-आठ महिन्यांच्या बाळासाठी तो फार लांबचा पल्ला आहे, इतक्या दिवसांत आईचा चेहरा परका होऊ शकतो. मग भेटीत बाळ फॉस्टर आईला घट्ट धरतं, आणि कुणीतरी लिहून ठेवतं की बाळाला आईची ओढ नाही. दोष वेळापत्रकाचा असतो, ठपका आईवर येतो.

लहान बाळासाठी तीन तासांच्या एका भेटीपेक्षा आठवड्यातल्या दोन-तीन छोट्या भेटी कितीतरी चांगल्या. भेटीत आईला नुसतं समोर बसवू नका. भरवणं, अंग पुसणं, लंगोट बदलणं, झोपवणं तिला करू द्या. लसीकरणाला, डॉक्टरकडे तिलाही बोलवा. नातं या असल्या कामांतून जुळतं, आणि बाळ घरी गेल्यावर तिला जमेल का, हेही यातूनच कळतं.

व्हिडिओ कॉलवर सगळी भिस्त ठेवू नका. दोन वर्षांचं मूल पडद्यासमोर काही मिनिटांत कंटाळतं. कॉल असेलच तर छोटा ठेवा आणि आईने नेहमीचं गाणं म्हणावं. "मला ओळखलंस का?" असा प्रश्न तिने विचारू नये.

आधी सांगून ठेवणं, आणि आई न आल्यावर खोटं बोलणं

चार दिवस आधी सांगितलं, मूल नवा शर्ट घालून सकाळपासून खिडकीत उभं, आणि आई आलीच नाही. यातला निम्मा तरी आघात टाळता येतो. आईने सकाळी फोन करून "निघतेय" असं सांगण्याची पद्धत ठरवा. ज्या पालकांचं येणं अनिश्चित आहे, त्यांच्या लहान मुलाला त्यानंतरच सांगा. मोठ्या मुलापासून मात्र तारीख लपवू नये, त्याला कळतंच.

आणि आई आलीच नाही तर? "आई आजारी आहे" असं दडपून सांगू नका. मूल पुढचे दिवस आईच्या आजाराची काळजी करत बसतं. माहीत असेल तेवढंच सांगा : "आई आज आली नाही. का ते मला अजून माहीत नाही. तू काही केलंस म्हणून नाही." शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावं लागेल, कारण लहान मूल बहुतेक वेळा दोष स्वतःकडेच घेतं.

न येण्यामागे नेहमी बेफिकिरी नसते. भेटीची वेळ कामाच्या पाळीत आली, दोन बस बदलून यायला पैसे नव्हते, त्याच दिवशी कोर्टाची तारीख निघाली. काही पालकांना निरोपाचा क्षणच सोसत नाही, म्हणून ते येणंच टाळतात. "आली नाही" एवढंच फाइलमध्ये लिहून मोकळं होण्याआधी कार्यकर्त्याने कारण विचारावं आणि वेळ किंवा जागा बदलून पाहावी.

आईवडिलांकडून होणाऱ्या चुका

"पुढच्या महिन्यात तुला घरी घेऊन जाते हं." मूल हे शब्द महिनाभर उराशी धरतं. जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. "तुला घरी आणता यावं म्हणून मी प्रयत्न करतेय. कधी ते अजून ठरलेलं नाही" हे खरं आहे आणि मुलाला झेपतं. केसबद्दल मुलासमोर बोलू नका. फॉस्टर घरात काय चालतं ते कानात विचारू नका, मुलाला दोन घरांमधला हेर व्हावं लागतं.

दर वेळी मोठं खेळणं आणायचीही गरज नाही. भेट ओळखीची वाटावी म्हणून काहीतरी ठरलेलं असू द्या : आल्या आल्या केस विंचरणं, तेच गोष्टीचं पुस्तक, तोच पत्त्यांचा डाव. डोळे भरून आले तर लपवू नका, पण मुलाने तुमची समजूत काढावी अशी वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.

निरोपाची वेळ सगळ्यांत नाजूक. मूल खेळण्यात गुंतलंय हे पाहून मागच्या दाराने सटकणं ही तर फार मोठी चूक. त्याने मान वर केली आणि आई नाही! पुढच्या भेटीत ते खेळणारच नाही, पदर धरून बसेल. दहा मिनिटं आधी सांगा, खेळणी दोघांनी मिळून आवरा, दर वेळी तोच निरोप घ्या, आणि "जाते आता" म्हटल्यावर खरंच निघा. दारातून तीन-तीनदा मागे फिरलं की त्याचं रडणं वाढतं.

मुलासमोर आईबद्दल गप्प राहणं

निंदा करू नये हे फॉस्टर पालकांना बहुधा माहीत असतं. पण आईचा विषयच निघू न देणं, हेही मुलाला बरोबर समजतं. या घरात आईवर प्रेम करणं चालत नाही, असा अर्थ ते लावतं. मग ते भेटीत हसत नाही, किंवा परतल्यावर मुद्दाम आईबद्दल वाईट बोलतं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

जेम्स रॉबर्टसन आणि त्यांच्या पत्नी जॉइस यांनी १९६० च्या दशकात चार लहान मुलांना, त्यांच्या आया बाळंतपणासाठी रुग्णालयात असताना, एकेक करून आपल्या घरी सांभाळलं. आधी मुलाला घर दाखवायला आणलं, त्याच्या ओळखीच्या वस्तू सोबत घेतल्या, आईचा फोटो जवळ ठेवला, तिच्याबद्दल बोलत राहिले. मुलांना त्रास झालाच. पण तशाच कारणाने संस्थेत ठेवलेला दीड वर्षाचा मुलगा जसा कोसळला, तशी ही मुलं कोसळली नाहीत.

फोटो मुलाच्या उशाशी लावायला काहीच लागत नाही. एक वही दोन्ही घरांत फिरू द्या : दात पडला, नवी कविता पाठ झाली, खोकला आहे, रात्रीचं औषध द्यायचंय. दारात भेट झाली की मुलाच्या देखत आईला एखादं चांगलं वाक्य बोला : "काल तुम्ही शिकवलेलं गाणं दिवसभर म्हणत होती." ते मूल दोघींकडे आळीपाळीने कसं बघतं, ते तेव्हा पाहा.

फक्त आईवडिलांचाच विचार करणं

भावंडं वेगवेगळ्या घरांत गेली असतील तर त्यांच्या भेटी वेगळ्या आखा. आईची भेट रद्द झाली म्हणून बहीणभावांची रद्द होऊ नये. आजी, मावशी, शेजारचा दोस्त, ज्यांच्याशी मूल जोडलेलं आहे त्यांची नावं मुलालाच विचारा.

देखरेख म्हणजे परीक्षा, असं वातावरण

टेबलापलीकडे कुणी सारखं लिहीत बसलं की चांगली खेळणारी आईसुद्धा अवघडते. काय नोंदवलं जाणार ते तिला आधी सांगा, लिहिणं भेटीनंतर करा, सुरक्षिततेचा प्रश्न आला तरच मध्ये पडा. कार्यालयातल्या खुर्च्यांपेक्षा चटई बरी. सुरक्षित असेल तर बाग त्याहून बरी.

मूल "जायचं नाही" म्हणतं तेव्हा ओढून नेणं, किंवा लगेच मान्य करणं

आधी कारण शोधा. कधी भेट त्याच्या खेळाच्या वेळेत येते. कधी गेल्या वेळचा निरोप आठवतो. कधी खरोखर भीती असते. किशोरवयीन मुलाला वेळ, जागा आणि सोबत कोण असावं हे ठरवू द्या, नकार अनेकदा तिथेच मावळतो. भीती असेल तर भेट थांबवण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय ज्या अधिकाऱ्याच्या हाती आहे त्याच्याकडून लेखी घ्या. कोणीही एकट्याने परस्पर ठरवू नये. भेट थांबली तरी पत्रं, फोटो, मुलाने काढलेली चित्रं सुरक्षितपणे देता-घेता येतील का, ते त्याच बैठकीत विचारा, आणि पुन्हा आढावा घेण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नका.