गवार वाळते गच्चीवर, बिघडते बरणीत: परसबागेतली भाजी वर्षभर पुरवण्याची रीत

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, तिच्यातले पाळणे उतरायला लागले की आम्ही गवार टोकतो. अक्कलकोट रस्त्याला आमची पाच गुंठे परसबाग आहे आणि घरात खाणारी तोंडं अकरा. वांगी, टोमॅटो, मिरची, मेथी, दोडका, अंबाडी सगळंच लावतो, पण साठवायची म्हणून मुद्दाम लावतो ती गवार. कमी पाण्यावर येते, बोअरच्या मचूळ पाण्याला कुरकुरत नाही आणि तोडणीला येते ती नेमकी फाल्गुन-चैत्रात, सोलापूरच्या गच्च्या तव्यासारख्या तापलेल्या असताना.

लागवडीत सांगण्यासारखं फार नाही. काळ्या रानात सरी-वरंबे पाडा, दोन ओळींत दीड फूट ठेवा, दोन बियांत वीतभराहून थोडं कमी. बी बोटाच्या एका पेराहून खोल नको. उगवून आल्यावर जमीन बघून आठवड्याने पाणी. रोज पाणी पाजलं तर पाला माजतो आणि शेंग धरत नाही. युरिया टाकायचा सल्ला कोणी दिला तर हसून मान डोलवा आणि टाकू नका. गवारीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, तेवढा तिला पुरतो. वाणाचं म्हणाल तर ‘पुसा नवबहार’च्या शेंगा लांब, गुळगुळीत, तोडायला सोप्या. वाळवायला मात्र मला आखूड, लव असलेली गावरानच लागते.

खाण्याची भाजी पंधरा-पंधरा दिवसांच्या फरकाने पेरावी, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. वाळवणाची गवार मात्र सगळी एकाच दिवशी टोका. रोज पाव किलो तोडून वाळवण होत नसतं. एका तोडणीला सहा-सात किलो हाताशी आली तरच चूल पेटवण्यात अर्थ आहे.

शेंग कोवळी तोडा. बाहेरून दाणे मोजता येत असतील तर ती आज संध्याकाळच्या भाजीला, वाळवायला नाही. देठं-शेंडे मोडून, शिरा काढून, धुऊन घ्या.

आता उकळी. कच्चीच गवार उन्हात टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांची गवार पावसाळ्यात शिजवा, कडब्यासारखी लागते. मोठ्या पातेल्यात पाणी खळाखळा उकळू द्या, मीठ टाका, एका वेळी किलोभरच गवार सोडा. पुन्हा उकळी फुटली की घड्याळ लावून तीन मिनिटं. रंग एकदम हिरवागार झाला की झाऱ्याने उपसून थेट गार पाण्यात. खायचा सोडा अजिबात नको. रंग राहतो, पण शेंग लगदा होते. निथळून सुती कापडावर पंख्याखाली तासभर पसरा आणि मगच गच्चीवर न्या.

गच्चीवर प्लॅस्टिकची ताडपत्री नको, तिच्यावर शेंगेला खालून घाम सुटतो. बाजेवर जुनं सुती लुगडं अंथरा, वरून मलमल टाका, म्हणजे वावटळ आली तरी धूळ बसत नाही. दिवसातून दोनदा वरखाली करा. संध्याकाळी चारच्या सुमारास आभाळाकडे बघत जा. वळीव सांगून येत नाही. दिवस मावळला की सगळं घरात. तीन दिवसांत काम होतं. दहा किलो ओली गवार वाळून दोन किलोच्या आत येते, तेव्हा बरणी केवढी आणायची ते आधीच ठरवा.

इथपर्यंत कोणालाही जमतं, मलाही पहिल्याच वर्षी जमलं होतं. नऊ किलो गवार, शेंगा कुरकुरीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवरूनच, गरम गरम, स्टीलच्या डब्यात भरली आणि झाकण घट्ट दाबून माळ्यावर ठेवली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी डबा उघडला तर कुबट वास आणि वर कापसासारखी पांढरी बुरशी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मी आधी झाकणाला दोष दिला, मग मिठाला. पुढच्या वर्षी मीठ वाढवलं, उन्हाचे दिवस तीनाचे पाच केले, डबा नवा आणला. तरी निम्मी गवार गेली.

उलगडा केला तो शेजारच्या पद्मशाली काकूंनी. त्यांच्याकडे तेलुगूत वाळवलेल्या भाज्यांना ‘ओरुगुलू’ म्हणतात आणि दरवर्षी त्यांच्या कपाटात चार-पाच बरण्या असतातच. त्यांनी माझा स्टीलचा डबा बघितला आणि विचारलं, ‘आत काय चाललंय, ते तुला दिसतं का गं?’

चुका दोन होत्या. पहिली, गरम माल बंद करणं. गरम शेंगेतून वाफ निघतच असते. झाकणाखाली ती गार होते आणि थेंब होऊन पुन्हा शेंगांवर पडते. दुसरी जास्त फसवी आहे. सगळ्या शेंगा सारख्या वाळत नाहीत. शंभरातल्या नव्वद कडकडीत असतात आणि दहा जाड शेंगा आतून ओलसर राहतात. हाताला लागतात त्या नव्वद. मग बंद डब्यात त्या दहांचा ओलावा हळूहळू बाकीच्यांत शिरतो आणि दोन महिन्यांत सगळा डबा सादळतो. उन्हाचे दिवस वाढवून हे सुटत नाही, फक्त बारीक शेंगा करपतात.

म्हणून आता असं करते. तिसऱ्या दिवशी गवार घरात आणून परातीत पूर्ण गार होऊ देते. गार झाल्यावरच मोडून बघायची, आणि बघायची ती सगळ्यात जाड शेंग. कट् आवाज होऊन तुटली पाहिजे. नुसती वाकली तर त्या ताटातला सगळा माल उद्या पुन्हा उन्हात. तुटली तर काचेची बरणी पाऊणही भरायची नाही, दोन तृतीयांश भरायची. झाकण लावून ओट्यावर, डोळ्यांसमोर ठेवायची. आठ दिवस रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की बरणी खळाखळा हलवायची. काचेला आतून धुकं दिसलं किंवा शेंगा एकमेकींना चिकटल्या, तर तडक गच्चीवर, आणि आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. धुकं नाही आणि आवाज कोरडा, मगच पक्कं भरायचं. काच हवीच. स्टीलच्या डब्यात यातलं काहीच दिसत नाही.

आठव्या दिवसानंतर मी गवार जाड पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवते. उघड्यावर वाळवलेल्या मालात किड्यांची अंडी असू शकतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर पुन्हा घाम, पुन्हा तेच रडगाणं.

एवढं करूनही एखाद्या बरणीत बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाकून द्या. वरची काढून खालची उन्हात देणारे लोक असतात. त्यांच्याकडे जेवायला जाऊ नका.

बाकीच्या भाज्यांना हाच नियम, फरक थोडाच. भेंडी उकळू नका, तार सुटते. कोरड्या फडक्याने पुसून चकत्या करा आणि सरळ उन्हात टाका. कारल्याच्या काचऱ्यांना मीठ-हळद लावून पाणी सुटलं की पिळून वाळवा. वांग्याच्या काचऱ्या चिरतानाच मिठाच्या पाण्यात टाका, आणि पातळ ठेवा. जाड राहिल्या तर एप्रिलच्या उन्हात बाहेरून चामडं होतं आणि आत ओल कोंडते. टोमॅटोत पाणीच पाणी, दहा किलोचे पाऊण किलोही उरत नाहीत, पण आमटीला लाजवाब. मेथी सावलीतच वाळवा.

हल्ली गवार, घेवडा, मटार पाण्यात घालून बाटलीत बंद करायचे आणि बाटली उकळून ठेवायची असे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. आंबटपणा नसलेल्या भाजीत बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळीला मरत नाहीत, त्यांना दाबाखाली 121 अंश सेल्सिअसची उष्णता लागते, आणि विषारी झालेल्या बाटलीला वास येईलच असं नाही.

गवार काढायची ती आषाढात, भाजी महाग झाली की. माणशी अर्धी मूठ घ्या, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळा. तेलात लसूण लाल करा, गवार परता, झाकण ठेवून मऊ होऊ द्या. शेवटी दोन चमचे शेंगाची, म्हणजे शेंगदाण्याची चटणी, आपली सोलापुरी, तेल सुटलेली. मीठ चाखल्याशिवाय घालू नका. उकळताना गेलंय आणि चटणीतही आहे. ज्वारीची भाकरी मात्र गरम हवी.