दलित कुटुंबाची सरकारी जमीन परत मिळवताना: बेळगाव, चिक्कोडीतला अनुभव

आमची केस १९७८ च्या कर्नाटक पीटीसीएल कायद्याने (अनुसूचित जाती-जमातीच्या ठरावीक जमिनींच्या हस्तांतरणाला बंदी घालणारा कायदा) सुटली. सरकारने अनुसूचित जाती-जमातीला दिलेली जमीन १ जानेवारी १९७९ नंतर शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकली असेल, तर व्यवहार रद्द ठरतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, कलम ५ खाली.

सगळा जोर मूळ मंजुरीच्या कागदावर. नुसता आजचा उतारा पुरत नाही. तहसील कार्यालयातून मंजुरी आदेश, जुने फेरफार आणि वारस नोंद यांच्या नकला काढा. १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता, म्हणून जुने कागद मराठीत, कधी मोडीतही सापडतात. लिप्यंतर आणि कन्नड भाषांतर आधीच करून ठेवा.

अर्ज फसतो तो इथे: महार वतनासारख्या वंशपरंपरागत हक्काच्या जमिनी या कायद्याच्या व्याख्येबाहेर आहेत. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग धरावा लागतो.

२०२३ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढली, तरी उशिराचं कारण अर्जात लिहाच. समोरचा वकील पहिला तोच मुद्दा काढतो. निकाल विरोधात गेला तर तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील.

जबरदस्तीने हुसकावलं असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(g) खाली फिर्याद स्वतंत्र द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जाती-जमातीला तिथे उत्पन्नाची अट नाही.